जरा तारा ढिल्या करा!

सहा तारा, सहा ठरलेले सूर. पण ते ठरवले कुणी? कपाटावर धूळ खात पडलेली गिटार खाली काढायला लावणाऱ्या अल्टरनेट ट्युनिंगच्या दुनियेत एक फेरफटका.

पहिला पगार झाला की आपल्यापैकी बरेच जण ज्या दोन-चार खरेद्या करतात, त्यात एक गिटार असतेच. पहिला महिना फुल्ल उत्साहाचा. जी, सी, डी जमतात, मग ई मायनर. चार कॉर्ड्सवर निम्मं बॉलिवूड वाजतं असा साक्षात्कार होतो. आणि मग येते 'एफ'. पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबायचं आणि उरलेली तीन बोटं कसरत करत आपापल्या जागी बसवायची. आवाज काय येतो? फट् फट्! दोन आठवडे नेटाने प्रयत्न, मग डेडलाइन, मग ऑनसाइट, मग लग्न. गिटार कपाटावर.

एफचा घाट ओलांडलेल्यांची तऱ्हा वेगळीच. दहा वर्षं झाली तरी गिटार हातात घेतली की बोटं आपोआप त्याच पाच-सहा आकारांत जाऊन बसतात. गाणं बदलतं, बोटं तीच. मी या दुसऱ्या पार्टीतला. ऑफिसातून आल्यावर अर्धा तास वाजवायचो, पण ऐकायचो मात्र काहीच नाही. बोटांना रस्ता पाठ होता, कानाला काम उरलं नव्हतं. रोज त्याच लोकलने जाणारा माणूस खिडकीबाहेर कुठे बघतो?

या दोन्ही पार्ट्यांसाठी उपाय एकच आहे. तो फुकट आहे आणि गिटारच्या डोक्यावरच बसवलेला आहे. त्या सहा खुंट्या. त्या फक्त उतरलेली तार चढवायला नसतात. मनात आलं तर पूर्ण वाद्यच बदलून टाकायला असतात.

स्टँडर्ड म्हणजे काय हो?

गिटारचं ट्युनिंग म्हटलं की सगळे एकच मंत्र म्हणतात. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत ई, ए, डी, जी, बी, ई. क्लासमध्ये हेच शिकवतात, मोबाइलवरचं ट्यूनर अॅपही आधी हेच दाखवतं. त्यामुळे गिटार जन्माला आली तीच हे सूर घेऊन, असं वाटायला लागतं.

प्रत्यक्षात ही एक तडजोड आहे. चांगली तडजोड, पण तडजोडच. शेजारशेजारच्या दोन तारांत सा ते म एवढं अंतर ठेवलंय. फक्त तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेत ते सा ते शुद्ध ग एवढंच आहे. अशा रचनेत हात फार न ताणता कॉर्ड्सही धरता येतात आणि स्केल्सही वाजवता येतात. सगळं थोडं थोडं सोपं, सगळं थोडं थोडं अवघड. म्हणजे ऑफिस कँटीनची थाळीच! कुणाचं पोट बिघडत नाही, पण घरी जाऊन कुणी तिचं नावही काढत नाही.

आता एक गंमत करू. 'डी'ला सा माना आणि हेच सूर आपल्या भाषेत म्हणा: रे, प, सा, म, ध, रे. मोकळ्या तारा छेडल्या तर एक गोड गोंधळ ऐकू येतो, पण घर कुठे आहे ते कळत नाही. आता जाड तारेचा रे सा वर उतरवा. दुसऱ्या तारेचा ध प वर. सगळ्यात बारीक तारेचा रे पुन्हा सा वर. फक्त तीन खुंट्या, तिन्ही ढिल्या करायच्या. हाती काय येतं? सा, प, सा, म, प, सा.

इंग्रजी अक्षरांत हेच डी, ए, डी, जी, ए, डी. जगभरचे गिटारवाले याला लाडाने 'डॅडगॅड' म्हणतात.

आत्याचा कान

मी हे ट्युनिंग पहिल्यांदा लावलं तेव्हा माझी आत्या घरी आली होती. आत्या गाणं शिकलेली. गिटारबद्दल तिचं मत फारसं चांगलं नाही. तिच्या मते हे वाद्य 'कायम घाईत असतं'. मी मोकळ्या तारांवरून सावकाश अंगठा फिरवला, तर ती स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"अरे, हे काय लावलंयस? तानपुऱ्यासारखं वाजतंय की!"

"गिटारच आहे, आत्या. नुसत्या तीन तारा उतरवल्यात."

"मग आजवर का नाही उतरवल्यास?"

प्रश्न बिनतोड होता. मग तिने मला जे सांगितलं, ते गाणं शिकणाऱ्या कुणालाही माहीत असतं, पण गिटारवाल्याच्या डोक्यात कधी येत नाही. तानपुऱ्याची पहिली तार सहसा पंचमात लावतात. पण मालकंस गायचा असेल तर त्या रागात पंचम नाहीच, मग तीच तार मध्यमात लावायची. मारव्यातही पंचम नाही, तिथे बरेच जण निषाद लावतात. सतारवाला तर बैठकीत राग बदलला की खालच्या तरफेच्या तारा पुन्हा जुळवत बसतो आणि श्रोते शांतपणे वाट बघतात. म्हणजे आधी काय वाजवायचं ते ठरवायचं, मग त्याप्रमाणे वाद्य लावायचं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला जीआय टॅग मिळाला, तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानाने फॉरवर्ड केलं. पण त्या तानपुऱ्यामागचा विचार आपल्या कोपऱ्यातल्या गिटारला लावून बघावा, हे किती जणांना सुचलं?

डॅडगॅडची खरी मजा अशी की त्यात 'ग' नाही. पाश्चात्त्य संगीतात कॉर्ड मेजर की मायनर, म्हणजे ढोबळमानाने हसरी की उदास, हे गंधार ठरवतो. तोच गायब! त्यामुळे मोकळ्या तारांचा मूड अधांतरी असतो. तुम्ही बोटाने शुद्ध ग लावला तर ऊन पडतं, कोमल लावला तर ढग येतात. बाकीच्या तारा मागे सा-प धरून उभ्याच असतात. एका तारेवर नुसती सुरावट वाजवली तरी भरलेलं वाटतं. एफ कॉर्डच्या नावाने घाबरलेल्या माणसाला आणखी काय हवं?

मोरोक्को, 'काश्मीर' आणि मुंबई

या ट्युनिंगचं श्रेय डेव्ही ग्रॅहम या ब्रिटिश गिटारवादकाला दिलं जातं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला हा पठ्ठ्या मोरोक्कोत भटकायला गेला. तिथे ऊद वाजवणाऱ्यांबरोबर बसायचं तर आपली गिटार त्यांच्या सुरात मिसळायला हवी, या गरजेतून त्याने तारा उतरवल्या. परत आल्यावर त्याच ट्युनिंगमध्ये आयरिश लोकधून वाजवली आणि लंडनचे फोक गिटारवाले वेडे झाले. फ्रेंच वादक पिएर बेन्सुसान यांनी तर पुढे डॅडगॅडलाच आपलं स्टँडर्ड मानलं.

त्या लाटेतला सगळ्यात मोठा मासा म्हणजे लेड झेपलिनचा जिमी पेज. १९६९ च्या पहिल्या अल्बममधलं 'ब्लॅक माउंटन साइड' याच ट्युनिंगमधलं आणि त्याला साथ चक्क तबल्याची, विराम जसाणी यांची. १९७५ मध्ये आलेलं 'काश्मीर' हेही डॅडगॅडच. नाव काश्मीर असलं तरी त्याचे शब्द सुचले ते दक्षिण मोरोक्कोतल्या एका लांबलचक वाळवंटी रस्त्यावर. म्हणजे मोरोक्कोतून निघालेलं ट्युनिंग फिरून मोरोक्कोलाच पोहोचलं म्हणायचं.

आणि मध्ये एक थांबा आपल्या मुंबईतही होता. १९७२ मध्ये पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट मुंबईत आले. इथल्या वादकांना घेऊन त्यांनी 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही आपली दोन गाणी पुन्हा रेकॉर्ड केली. यातलं 'फ्रेंड्स' मुळातच वेगळ्या ट्युनिंगमधलं: सी, ए, सी, जी, सी, ई. ही मुंबईची टेप चाळीस वर्षांहून जास्त काळ पडून राहिली. २०१५ मध्ये झेपलिनच्या जुन्या अल्बम्सच्या नव्या आवृत्त्या निघाल्या, तेव्हा 'द बॉम्बे ऑर्केस्ट्रा' या नावाने ती अधिकृतपणे बाहेर आली. हेडफोन लावून जरूर ऐका. गिटार आणि आपली वाद्यं एकमेकांना धक्का न देता शेजारी बसतात. खुंट्या आधीच योग्य जागी असल्यावर भांडण कशाला होतंय?

ढिल्या तारांचं बेट

मुद्दाम तारा ढिल्या करण्याची एक जुनी आणि सगळ्यात रिलॅक्स्ड परंपरा मात्र हवाई बेटांची. १८३०च्या दशकात तिथे मोकाट गुरं फार झाली, म्हणून राजाने मेक्सिकन गुराखी बोलावले. ते येताना गिटारी घेऊन आले. हवाईच्या लोकांनी ते वाद्य आपलंसं केलं, पण लावलं मात्र स्वतःच्या मनाप्रमाणे, आपल्या गाण्याला आणि गळ्याला सोयीचं. या शैलीचं नाव 'की होआलू', म्हणजे शब्दशः ढिली केलेली खुंटी. अंगठा खालच्या तारांवर ठेका धरतो आणि बाकीची बोटं वर सुरावट विणतात. काही घराण्यांत ही ट्युनिंग्ज तिजोरीतल्या दागिन्यांसारखी जपली जायची, बाहेरच्याला दाखवायची नाहीत. गॅबी पाहिनुई या वादकाची रेकॉर्डिंग्ज १९४०च्या दशकात आली आणि हा घरगुती ठेवा जगाच्या कानावर पडायला लागला.

याच बेटांवर गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवर लोखंडी कांब सरकवण्याची युक्ती निघाली. तीच आपली 'हवाईयन गिटार'. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला विचारा. रेडिओवर हिंदी गाण्यांच्या धून ज्यावर वाजायच्या, तेच हे वाद्य. पंडित ब्रिजभूषण काब्रांनी ते शास्त्रीय संगीतात आणलं. १९६७ चा 'कॉल ऑफ द व्हॅली' तुमच्या बाबांच्या कॅसेटच्या खणात नक्की असेल. त्यात संतूर शिवकुमार शर्मांचं, बासरी हरिप्रसाद चौरसियांची आणि गिटार काब्रांची. पुढे पंडित विश्वमोहन भट्टांनी गिटारला तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा बनवली आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडरबरोबरच्या 'अ मीटिंग बाय द रिव्हर'साठी १९९४ मध्ये ग्रॅमी घेतलं.

हा राय कूडर लक्षात ठेवा. कारण रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने 'ओपन जी' ट्युनिंग याच माणसाकडून उचललं, हे कीथने स्वतःच सांगितलंय. ओपन जी म्हणजे डी, जी, डी, जी, बी, डी. मोकळ्या तारा छेडल्या की आख्खी जी मेजर कॉर्ड हजर! कीथने पुढे सहावी जाड तारच काढून टाकली आणि पाच तारांवर संसार केला. 'होंकी टोंक विमेन', 'ब्राउन शुगर', 'स्टार्ट मी अप' यातला तो खणखणीत, थोडासा तुटक आवाज त्या पाच तारांचा आहे. हीच गाणी स्टँडर्ड ट्युनिंगमध्ये वाजवून बघा. सूर बरोबर येतात, पण ती मस्ती येत नाही.

जोनीचा डावा हात

आतापर्यंत सगळी हौसेची गोष्ट झाली. पण काहींसाठी खुंटी पिळणं ही हौस नव्हती, गरज होती.

कॅनडाची गायिका जोनी मिचेल नऊ वर्षांची असताना तिला पोलिओ झाला. ती वाचली, चालायलाही लागली, पण डाव्या हातात अशक्तपणा राहिला. गिटार हातात आली तेव्हा पुस्तकातल्या कॉर्ड्स त्या बोटांना झेपेनात. मग तिने हाताला वाद्याप्रमाणे वळवायचं सोडलं आणि वाद्यालाच हाताप्रमाणे लावलं. मोकळ्या तारांनी जास्तीत जास्त काम करायचं, बोटांनी कमीत कमी. यातून तिने एक-दोन नाही, पन्नासहून जास्त ट्युनिंग्ज शोधली. समीक्षक ज्या कॉर्ड्सना गूढ, अनोख्या वगैरे म्हणत राहिले, त्या एका दुबळ्या हाताने काढलेल्या पळवाटा होत्या. तोटाही होता. स्टेजवर दर गाण्याला तारा बदलत बसावं लागायचं. १९९० च्या दशकात ट्युनिंग इलेक्ट्रॉनिक पद्धतीने बदलणारं यंत्र तिने वापरायला घेतलं, तेव्हा कुठे ही कटकट कमी झाली.

२०१५ मध्ये तिच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुगून फुटली. बोलणं, चालणं पुन्हा शिकावं लागलं आणि गिटारही. इंटरनेटवरचे स्वतःचेच जुने व्हिडिओ बघून ती बोटं कुठे ठेवायची ते पुन्हा शिकली. जुलै २०२२ मध्ये न्यूपोर्ट फोक फेस्टिव्हलला अठ्ठ्याहत्तर वर्षांची जोनी स्टेजवर उभी राहिली आणि तिने गिटारवर सोलो वाजवला. तो व्हिडिओ सापडतो. वेग नाही, करामती नाहीत. एक एक सूर विचारून विचारून ठेवल्यासारखा. मी तो ऑफिसच्या कँटीनमध्ये बघायला घेतला आणि मध्येच बंद करून घरी जाऊन पूर्ण बघितला.

हे वाचून आमच्या टीममधल्या एका मित्राची आठवण होणं साहजिक आहे. बाइकच्या अपघातात त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं जायबंदी झाली. हाडं जुळली, पण बोटं पूर्वीसारखी वळेनात. कॉलेजच्या बँडमध्ये लीड वाजवणारा हा गडी गिटारला गिऱ्हाईक शोधत होता. मी त्याला म्हटलं, विकायच्या आधी एकदा ओपन जी लावून बघ. या ट्युनिंगमध्ये एक बोट आडवं ठेवलं की कॉर्ड तयार होते. मोकळी तार म्हणजे जी, पाचव्या फ्रेटवर सी, सातव्यावर डी. झाली तीन कॉर्ड्सची सोय, एका बोटात. दोन आठवडे त्याचा फोन नाही. मग एका रात्री व्हॉट्सअॅपवर चाळीस सेकंदांची क्लिप आली. मागे त्याची लेक काहीतरी बडबडत होती आणि हा वाजवत होता. खाली एकच ओळ: 'गिऱ्हाइकाला नाही सांगितलं.'

हरवलेल्या किल्ल्या

या सगळ्याला एक दुखरी बाजूही आहे. ट्युनिंग रेकॉर्डवर छापलेलं नसतं. इंग्लंडचा निक ड्रेक १९७४ मध्ये अवघ्या सव्विसाव्या वर्षी गेला. त्याच्या गाण्यांतल्या चमत्कारिक ट्युनिंग्जची किल्ली त्याच्याबरोबरच गेली. चाहत्यांनी वर्षानुवर्षं नुसतं कानाने ऐकून, एकेक तार चढवून-उतरवून ती पुन्हा शोधली. अमेरिकेच्या सॉनिक यूथ बँडची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांच्या कित्येक गिटारी एकेका ट्युनिंगसाठीच राखून ठेवलेल्या, मोडतोड करून बनवलेल्या. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियात त्यांचा सामानाचा ट्रकच चोरीला गेला. दुकानातून नव्या गिटारी आणता येतात, पण तो आवाज आणायचा कुठून? काही गिटारी नंतर वर्षांनी सापडल्या.

म्हणून माझी एक सवय झालीय. आवडलेलं प्रत्येक ट्युनिंग मी फोनमध्ये लिहून ठेवतो आणि सोबत दहा सेकंद मोकळ्या तारा रेकॉर्ड करतो. पुढच्या वेळी बोटांना नाही आठवलं, तरी कानाला आठवतं.

मग स्टँडर्ड ट्युनिंग सोडून द्यायचं का? छे! मित्रांबरोबर बसून वाजवायचं, नोटेशन वाचायचं, कुठल्याही पट्टीत गायकाला साथ करायची, तर त्याच्याइतकं सोयीचं दुसरं नाही. मुद्दा एवढाच की तो एक पर्याय आहे, कायदा नाही. वेगळं ट्युनिंग लावलं की दहा वर्षांची पाठांतरं एका मिनिटात निरुपयोगी होतात. बोटांना काहीच येत नसतं, त्यामुळे प्रत्येक सूर ऐकूनच पुढे जावं लागतं. ऑफिसात दिवसभर 'एक्स्पर्ट' म्हणून वावरल्यावर घरी येऊन अर्धा तास बिगरीत बसण्यात काय सुख आहे, ते करून बघितल्याशिवाय नाही कळायचं.

आज रात्री ट्राय करा

ड्रॉप डी: फक्त जाड सहावी तार ई वरून डी वर आणा. म्हणजे साधारण ८२ हर्ट्झवरून ७३ वर. चौथी मोकळी तार डीच आहे, तिच्याशी जुळवा. डी कॉर्ड वाजवा आणि खोली भरल्याचा अनुभव घ्या. वेळ: अर्धा मिनिट.

डॅडगॅड: वरच्याप्रमाणे सहावी डी वर, शिवाय दुसरी बी वरून ए वर आणि पहिली ई वरून डी वर. एकाच तारेवर एखादी ओळखीची चाल शोधा, बाकीच्या तारा मोकळ्या वाजू द्या.

ओपन जी: सहावी आणि पहिली डी वर, पाचवी ए वरून जी वर. मग एक बोट आडवं आणि पाचवा, सातवा फ्रेट.

सांभाळून: तिन्ही ट्युनिंग्जमध्ये तारा फक्त उतरतात, त्यामुळे तुटायची भीती नाही. दोन पट्ट्या उतरवल्यावर तारेचा ताण सुमारे एक पंचमांश कमी होतो. तार लडबडली तर जोरात झोडू नका, हलक्या हाताने वाजवा. 'ओपन ई'सारख्या ट्युनिंगमध्ये काही तारा चढवाव्या लागतात. त्यापेक्षा तेच आकार एक पूर्ण सूर खाली, म्हणजे 'ओपन डी'मध्ये लावा आणि दुसऱ्या फ्रेटवर कॅपो चढवा.

शेवटची टीप: सूर लावताना तार आधी थोडी जास्तच उतरवा आणि मग खालून वर चढवत सुरात आणा, नाहीतर दोन मिनिटांत पुन्हा घसरते. आणि घरात गाणं शिकलेलं कुणी असेल, तर ट्यूनर बाजूला ठेवून त्यांना हाक मारा. अॅपपेक्षा कडक परीक्षा घेतात, पण चहाही तेच करतात.